सोवळ्याच्या कपाटातली थैली

माझ्या नवऱ्याच्या सोवळ्याच्या कपाटाला वास यायचा आणि त्या वासावर मी माझा सगळा डाव मांडला होता. आमचं घर ब्रह्मा घाटाच्या गल्लीत. श्रावणात गंगा पायऱ्या चढून वर आली की भिंतींना ओल धरते ती दिवाळीपर्यंत सुटत नाही. कपाटातले कद, पंचे, उपरणी, सगळं कुबट होऊन जातं. आमचे हे, गोपीनाथशास्त्री, सकाळी कपाट उघडायचे, नाक मुरडायचे आणि माझ्याकडे असं बघायचे की जणू पूर मीच आणलाय. डांबराच्या गोळ्या त्यांना चालत नाहीत, दुकानातली फवारणी चालत नाही, आणि अंघोळ करून सोवळं नेसल्याशिवाय मी त्या कपाटाला हात लावलेलाही चालत नाही. चौतीस वर्षं मी ही कुरकुर ऐकून घेतली. यंदा म्हटलं, बरं, मग ह्या कपाटातूनच आत शिरायचं.

मी तर आतच आहे. आत आणायची होती कस्तुरी.

कस्तुरी आमची एकुलती एक मुलगी. तीन वर्षांपूर्वी तिनं गंगेपलीकडच्या रामनगरच्या विश्वजीतशी कोर्टात जाऊन लग्न केलं. विश्वजीतचं पंपदुरुस्तीचं दुकान आहे, घरात भोजपुरी बोलतात, जात वेगळी. मुलगा सरळ आहे, तिला जपतो, मला वाकून नमस्कार करतो. ज्या दिवशी लग्नाचं कळलं त्या दिवशी शास्त्रीबुवा ओरडले नाहीत की रडले नाहीत. अंघोळ करून जेवायला बसले आणि म्हणाले, "ह्यापुढे ती ह्या उंबऱ्याच्या आत येणार नाही." मग वरणावर तूप मागितलं. मी वाढलं. त्याचा राग मला आजही येतो, त्यांचा येत नाही इतका माझा येतो.

मी पंधरा दिवसांतून एकदा रामनगरला जायचे. ह्यांना माहीत होतं, पण विचारायचे नाहीत, आणि न विचारणं ही आपली केवढी मेहेरबानी असा चेहरा करून बसायचे. ज्येष्ठात कस्तुरीनं दिवस राहिल्याचं सांगितलं. तिची सासू लग्नाआधीच वारलेली. घरात फक्त म्हातारा सासरा आणि नवरा. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. कस्तुरी हट्टी आहे, मागून घेणं तिच्या स्वभावात नाही. पण त्या दिवशी मला रिक्षापर्यंत सोडायला आली आणि खाली बघत म्हणाली, "आई, डिलिवरी घरीच होईल ना गं? म्हणजे, आपल्या घरी?"

मी हो म्हणून बसले. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे. दोन्ही बाजूंनी विचार करत पुलावरून परत आले आणि घरात पाऊल टाकलं तर शास्त्रीबुवा कपाटासमोर नाक धरून उभे.

तेव्हा सुचलं ते असं. कस्तुरीच्या हातात कशिदा आहे. माझ्याकडूनच शिकली, पण माझ्यापेक्षा दहा पटीनं चांगला हात. तिनं एक थैली भरायची, मी ती वाळ्यानं भरून कपाटात टांगायची. त्यांना वास आवडेल, कशिदा आवडेल, ते कौतुक करतील. कौतुक तोंडातून बाहेर पडलं की सांगायचं, ही तुमच्या लेकीच्या हातची. तोवर तिच्या हातची वस्तू त्यांच्या सोवळ्याला महिना दोन महिने लागून राहिलेली असेल. कुठे आभाळ कोसळलं? मग तिला आत घ्यायला काय हरकत?

मला माझ्याच अकलेचं फार कौतुक वाटलं होतं.

आता त्या कपाटात जायचं म्हणजे वस्तू रेशमाचीच हवी. आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं की रेशमातून विटाळ पुढे जात नाही, सुतातून जातो. माझ्या सासूबाईंचा एक जुना मुकटा होता, मरून रंगाचा, मध्ये विरलेला पण पदराकडे अजून घट्ट. त्याचा तुकडा घेतला. आतल्या अस्तराला ब्लाउजच्या दुकानातून पातळ रेशीम आणलं. कशिद्याला रेशमाच्या लडी घेतल्या, पांढरी, केशरी, हिरवी. शिवायलासुद्धा रेशमी दोरा. सगळं कस्तुरीच्या हातात देऊन बजावलं, "एक टाका सुद्धा सुती घालायचा नाही. समजलं?"

"अरे हाँ बाबा, समजलं," ती म्हणाली. "तू पण ना आई, अगदी बाबांसारखी करतेस."

तिनं पारिजातक काढला. चार बोटं रुंद, सहा बोटं लांब तेवढ्या जागेत एक फांदी, सात फुलं, त्यांतली दोन गळून खाली पडलेली. पाकळ्यांना भरीव टाका, देठांना साखळी, पानं एका बाजूला गडद. पाचव्या महिन्यातलं पोट सांभाळत, खिडकीशी बसून, पंधरा दिवस करत होती. असं काम पैसे देऊनही चौकातल्या कारागिराकडून मिळालं नसतं.

भरण मी केलं. गोला दीनानाथच्या बाजारातून वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी आणली, घरचा वाळवलेला दवणा होता, वर चार लवंगा. खलबत्त्यात भरड कुटायचं, पूड करायची नाही. पूड केली की वास आठवड्यात उडतो आणि कपड्यांवर भुकटी सांडते. दोन्ही तुकडे उलटे ठेवून तीन बाजू शिवल्या, चौथीला दोन बोटांचं तोंड ठेवलं, थैली उलटवली, कोपरे पेन्सिलीनं बाहेर काढले. भरताना ठासायचं नाही, हवा खेळायला हवी. मग तोंड आतल्या टाक्यानं बंद केलं आणि टांगायला फीत लावली. श्रावणातल्या एका सोमवारी, सोवळ्यात, कपाटाच्या आतल्या खुंटीला अडकवली. पंच्यांच्या अगदी मधोमध.

तिसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा कपाट उघडून उभे राहिले ते उभेच. मी स्वयंपाकघरातून बघत होते. त्यांनी डोळे मिटून श्वास घेतला. मग हाक मारली, "पद्मा, हे काय लावलंस गं? फार छान."

चौतीस वर्षांत माझ्या कुठल्याही गोष्टीला ह्यांनी फार छान म्हटलेलं नाही. पुरणपोळीलासुद्धा बरी झालीय म्हणतात. थैली हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि शास्त्री जागे झाले. "पण शिवलेलं आहे."

"तुम्हाला नेसायचंय थोडंच?"

"रेशीम आहे?"

"आईंच्या मुकट्याचं. दोरासुद्धा रेशमाचा."

"मग असू दे," म्हणाले आणि परत वास घेतला.

मी लगेच बोलले नाही. म्हटलं, मुरू दे. भाद्रपद आला, पितृपक्ष आला. पितृपक्षात आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते, महाराष्ट्रातून यजमान येतात, दिवसाला चार चार श्राद्धं. रोज सकाळी कपाट उघडायचं, रोज तोच लांब श्वास. स्वतःच्या वडलांचं श्राद्धसुद्धा त्याच कपाटातलं धूतवस्त्र नेसून केलं. माझा जीव सुपाएवढा होत होता. रामनगरला फोन करून कस्तुरीला सांगायचे, आज पण वास घेतला गं. ती हसायची.

आश्विनात कस्तुरीला सातवा संपत आला. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, हे दूध पिऊन निवांत बसले होते तेव्हा मी सांगितलं.

"ती थैली कस्तुरीनं भरलीय."

मी तोंडात आलं ते सगळं बोलून टाकलं, सातवा महिना आहे, सासू नाही, पोरीनं एकदाच विचारलंय, पहिलटकरीण आहे, दोन महिने तिच्या हातचं तुमच्या सोवळ्यात आहे, काही बिघडलं का? बोलता बोलता रडले. रडायचं नाही असं ठरवलं होतं.

ते उठले. मला वाटलं थैली काढून फेकतील. फेकली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्यांनी कपाट उघडलं, थैलीकडे नीट बघितलं, पारिजातकावर बोट फिरवलं.

"हात चांगला आहे तिचा," म्हणाले. "सगळं रेशीमच आहे म्हणालीस ना?"

"हो."

"मग काही हरकत नाही. राहू दे. आणि तिला म्हणावं, अशा बारा कर. कार्तिकात पाठशाळेत वैदिक येणार आहेत पुण्याहून, नाशिकहून. त्यांना द्यायला फार सुंदर होईल. कापड तू दे."

मला वाटलं, जिंकले. खरंच वाटलं. मी डोळे पुसले आणि विचारलं, "मग तिला कधी आणू?"

"कुणाला?"

"कस्तुरीला."

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी काहीतरी भलतंच विचारलंय. "त्याचा ह्याच्याशी काय संबंध? रेशमाला विटाळ नसतो, पद्मा. माणसाला असतो."

आणि पोथी उघडली.

मी तिथेच बसून राहिले. हळूहळू कळत गेलं की मी काय करून ठेवलं होतं. अस्तर रेशमाचं, लडी रेशमाच्या, दोरा रेशमाचा. मुलीला बाजूला ठेवून तिचं काम तेवढं आत घ्यायची सोय मीच माझ्या हातानं शिवून दिली होती. सुती कापडाची केली असती तर त्यांना एक तर ती फेकावी लागली असती, नाहीतर मुलीसाठी नियम मोडावा लागला असता. मी त्यांना काहीच मोडायला लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी रामनगरला गेले. सामनेघाटापर्यंत टोटो, म्हणजे बॅटरीची रिक्षा, तिथून पुलावरून दुसरी. वाटेत ठरवलं होतं की गोड करून सांगायचं. पण कस्तुरीनं दार उघडलं आणि पहिलं वाक्य, "बाबांना सांगितलंस? काय म्हणाले?" मी सांगितलं, जसं झालं तसं.

ती पहिल्यांदा खूश झाली. तेच मला सोसलं नाही. "हात चांगला आहे म्हणाले? सच्ची?" असं दोनदा विचारलं. माणसाला विटाळ असतो हे वाक्य तिच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. मग ती पोटावर हात ठेवून बसली आणि अचानक हसायला लागली.

"आई, एक सांगू? रागावू नको."

"काय?"

"हिरवी लडी कमी पडली होती. आधीची पानं फार दाट भरली ना मी. शेवटची तीन पानं राहिली. इथल्या दुकानात हिरवं रेशीम मिळालंच नाही, तर मी सुती दोरा वापरला. दिसत नाही कुठे, शेड मॅच केला होता."

तीन पानं. आख्खा पितृपक्ष, शास्त्रीबुवांच्या वडलांचं श्राद्ध, चाळीस-पन्नास यजमान, रोजची पूजा, सगळं त्या तीन पानांना टेकलेली धूतवस्त्रं नेसून झालं होतं. मलाही हसू आलं. आम्ही दोघी इतक्या हसलो की सासरे काय झालं म्हणून बाहेरून विचारायला आले, "का भइल?"

"बाबांना सांगशील का?" कस्तुरीनं डोळे पुसत विचारलं. "मत बताना आई. उगाच त्यांना त्रास होईल."

तिला हाकलून दिलेल्या माणसाला त्रास होईल म्हणून तिला काळजी. मी नाही सांगणार म्हटलं. आणि घरी येऊन सांगितलं.

ह्याचं मला कुणाकडेही समर्थन करता येणार नाही. मला वाटलं, आता सापडले. त्यांच्याच नियमानं दोन महिने त्यांचं सोवळं मोडलेलं होतं आणि कुठल्याही पितरानं तक्रार केली नव्हती, पिंडाला कावळाही वेळेवर शिवत होता. एवढा मोठा पुरावा समोर ठेवल्यावर माणूस जरा तरी ढिला पडेल, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा चेहरा बघायचा होता.

चेहरा बघितला. पांढरा पडला. कपाटाशी गेले, चिमट्यानं थैली काढली, उजेडात धरून पानं न्याहाळली. ती तीन पानं त्यांना सापडलीसुद्धा. मला सापडली नव्हती. मग घाटावर गेले, बालाजी घाटाकडच्या पायऱ्यांवरून थैली गंगेत टाकली आणि बुडी मारून आले. कपाटातलं सगळं धुतलं. जानवं बदललं. पंचगव्य घेतलं, तीन दिवस एकवेळ जेवले, दिवसभर जप. चौथ्या दिवशी अंघोळ करून आले तेव्हा चेहरा कसा स्वच्छ, समाधानी.

"झालं," म्हणाले. "शुद्ध झालं सगळं."

"सुती दोऱ्याला तीन दिवस पुरले," मी म्हटलं. "पोरीला किती लागतील? तेवढं सांगा. ती करेल, मी करेन, दोघी मिळून करू."

"नकळत घडलेल्याला प्रायश्चित्त असतं. कळून केलेल्याला नाही," ते म्हणाले आणि पाठशाळेत गेले. बारा थैल्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढच्या खेपेला कस्तुरीनं विचारलं, "आहे ना गं अजून कपाटात?"

"आहे," मी म्हटलं.

"वास गेला असेल आता. भरण बदल."

"बदलते."

दुसरं काय सांगणार होते? तिची पंधरा दिवसांची मेहनत कुठेतरी गाळात रुतून बसली होती, आणि ती मीच बोलून घालवली होती. सातव्याची ओटी मी तिथेच, विश्वजीतच्या दुकानामागच्या खोलीत भरली. एकटीनं. ओवाळायला दुसरी बाई नव्हती म्हणून शेजारची एक भली बाई आली, तिला आपली रीत माहीत नव्हती, पण बिचारीनं गाणं म्हटलं.

मी ठरवलं होतं की तारखेच्या आठ दिवस आधी तिच्याकडे राहायला जायचं, हे काही म्हणोत. बाळानं बारा दिवस घाई केली. मार्गशीर्षातला गुरुवार होता, ह्यांचं अनुष्ठान चालू होतं, सकाळचे साडेआठ. मी सोवळ्यात नैवेद्याचा स्वयंपाक करत होते, वरण झालं होतं, पुरण शिजत होतं. फोन वाजला. विश्वजीत होता.

"माँजी, बिटिया हुई है. दोनों ठीक हैं."

कधी गेलात दवाखान्यात, विचारलं. काल संध्याकाळी, म्हणाला. आणि मला कळवलं नाहीत? तो अडखळला. "हम तो करते थे फोन, वही नहीं करने दी. बोली, बाबा का अनुष्ठान चल रहा है, घर में हल्ला होगा."

म्हणजे माझी पोर बारा तेरा तास कळा देत होती आणि मी इथे डाळ भिजत घालून स्वस्थ झोपले होते. मी फोन ठेवला. देवघराच्या दारात गेले. शास्त्रीबुवा पूजेची तयारी करत होते, चंदन उगाळत होते.

"कस्तुरीला मुलगी झाली," मी सांगितलं.

त्यांचा हात थांबला. मला दिसलं की थांबला. डोळ्यांत काहीतरी आलंही असेल, मी खोटं बोलणार नाही. मी वाट बघत उभी राहिले. कशी आहे, एवढा एक शब्द पुरला असता, मी बाकी सगळं गिळून टाकलं असतं.

"कुठे झाली?" त्यांनी विचारलं.

"रामनगरलाच. दवाखान्यात."

त्यांनी मनाशी काहीतरी हिशेब केला. मग सुटकेचा श्वास सोडला. "मग आपल्याला सोयर नाही. लेक माहेरी बाळंत झाली तरच आईबापांना तीन दिवस धरावं लागतं. पूजा होईल." आणि खोड परत सहाणेवर फिरायला लागलं.

मी स्वयंपाकघरात गेले. गॅस बंद केला. पुरणाच्या पातेल्याला, वरणाला, भाताला, देवाच्या ताटाला, एकेका भांड्याला हात लावला. मग बाहेर येऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"तुम्हाला नसेल. मला आहे."

"काय?"

"सोयर. मला नात झालीय. मी दहा दिवस धरणार. सगळा स्वयंपाक मी आत्ता शिवलाय, देवाला चालणार नाही."

"पद्मा, असं शास्त्रात नाही. तुला काही लागत नाही, मी सांगतो ना."

"मला लागतं," मी म्हटलं. "लांब व्हा, शिवाल."

आणि गंमत बघा, ते खरंच मागे सरले. सोवळं आवरून, दोन पावलं, भिंतीपर्यंत. तीन वर्षं जे दार मला उघडता आलं नाही त्या दारापर्यंतची वाट ह्या एका शब्दानं मोकळी झाली. मी लुगडं बदललं, पिशवीत दोन साड्या, डिंक, खारीक, जुन्या मऊ धोतराची दुपटी टाकली. ती दुपटी मी केव्हाची शिवून ठेवली होती, सगळी सुती. उंबऱ्याशी येऊन थांबले. अजूनही वाटत होतं, काही विचारतील. मूल कुणासारखं दिसतं, कस्तुरी कशी आहे, निदान तू कधी येशील.

मागून आवाज आला, "अगं, पण आज नैवेद्याचं काय?"

मी चपला घातल्या.